प्लेगची लस आणि ‘अडाणी’ लोक

पीएचडीच्या प्रवेशासाठी लिहिलेल्या प्रस्तावांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : लोकांमध्ये जागृती नसल्यामुळे हे तंत्रज्ञान स्वीकारलं जात नाही. विज्ञान-संवादाच्या अभ्यासात या समजुतीला ‘डेफिसिट मॉडेल’ म्हणतात. म्हणजे काय, तर लोकांकडे माहितीची तूट आहे, ती भरली की प्रश्न मिटला. हे मॉडेल कुठे तोकडं पडतं ते बघायला लांब जायची गरज नाही. मुंबई-पुण्याचा प्लेग पुरेसा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये कामाला लागले. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून ते प्लेगचे जीवाणू वाढवायचे आणि मग उष्णतेने मारायचे. हीच लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना ती दिली. लस घेतलेल्यांमध्ये लागण आणि मृत्यू, दोन्ही कमी दिसले. तंत्रज्ञान नवं होतं, पण पुरावा हातात होता.

मग लोक घाबरले कशाला? याच महिन्यांत बाकी काय चाललं होतं ते बघा. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्ला केला होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरांच्या झडत्या, सामान जाळणं, माणसांना उचलून छावणीत नेणं सुरू झालं. पुण्यात रँडच्या समितीने तपासणीसाठी गोरे सोजीर घरात घुसवले. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लस टोचून घेण्याची सर्वसाधारण सक्ती नव्हती हे खरं. पण दारातल्या माणसाला डॉक्टर आणि सोजीर एकाच सरकारचे दिसत होते, आणि ते होतेही.

आता ‘अडाणी लोक’ या स्पष्टीकरणात न बसणाऱ्या दोन गोष्टी. पहिली : मुंबईत वेगवेगळ्या समाजांनी स्वतःची प्लेग हॉस्पिटलं काढली, पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं राहिलं. म्हणजे सरसकट उपचारांनाच विरोध नव्हता. आपल्या माणसाला कोण नेणार, तिथे त्याला कसं वागवणार, भेटू देणार की नाही, हे प्रश्न होते. दुसरी : तरुण आगाखान (तिसरे) यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली, हाफकिनना प्रयोगशाळेसाठी जागा दिली, आणि खोजा समाजातल्या पुष्कळ लोकांनी लस घेतली. सुई तीच, औषध तेच. सांगणारा माणूस बदलला होता.

विश्वास मोडतो कसा, हेही याच लसीच्या इतिहासात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. ठपका प्रयोगशाळेवर आणि पर्यायाने हाफकिन यांच्यावर आला, ते निलंबित झाले. दूषण बाटली गावात उघडताना झालं असावं, हे मान्य होऊन ते निर्दोष ठरले १९०७ मध्ये. मधली पाच वर्षं प्लेग थांबला नव्हता. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीच्या १९८५ च्या अहवालाचा भर लोकांची विज्ञानाची समज वाढवण्यावर होता. २००० साली तिथल्याच हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने संवाद आणि विश्वास यांवर बोट ठेवलं. आपल्याकडे हा धडा शंभर वर्षं आधी घडून गेला होता, फक्त तो ‘विज्ञान-संवाद’ या नावाखाली शिकवला जात नाही.

तेव्हा जनुकीय पिकं असोत की एआय, प्रस्ताव लिहिताना तीन प्रश्न आधी विचारा. माहिती कोण देतंय? तीच संस्था त्या लोकांशी एरवी कशी वागते? आणि चूक झाली तर उत्तर कोण देणार, किती दिवसांत? आणखी एक. प्लेगच्या काळातली बरीचशी कागदपत्रं अधिकाऱ्यांनी लिहिलेली आहेत. त्यात ‘अफवा’ हा शब्द दिसला की लगेच उतरवून घेऊ नका. ती अफवा ज्या गल्लीत पसरली, तिथे त्या आठवड्यात काय घडलं होतं ते शोधा. तुमचा संशोधन प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सापडेल.