धुराडी, यंत्रे आणि माणूस

किनवट हा सागाच्या रानांचा आणि पैनगंगेच्या खोऱ्याचा मुलूख. मोठे कारखाने येथे उभे राहिले नाहीत. तरीही खत, सिमेंट, रॉकेल आणि आगगाडी यांच्या वाटेने औद्योगिक युग आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेच. हे युग देशाला कोणत्या रूपात दाखविले गेले, हे जाणून घ्यायचे तर मित्तर बेदी या छायाचित्रकाराच्या कारकिर्दीकडे वळावे लागते.

त्यापूर्वी आपल्या भागाशी संबंधित असे एक नाव घेणे उचित ठरेल. 1948 पर्यंत किनवट निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्यांचा जन्म 1844 साली सरधना येथे झाला. बेगम समरूने बांधलेल्या भव्य चर्चमुळे हे गाव आपल्या वाचकांना परिचित असेल. रुरकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाले आणि पुढे कॅमेऱ्याकडे वळले. राजवाडे, शिकारी, मेजवान्या यांच्याबरोबरच औरंगाबाद जिल्ह्यातील दुष्काळी कामेही त्यांच्या कॅमेऱ्याने टिपली. त्यांचा आश्रयदाता राजा होता. राज्याचे वैभव आणि राज्यकर्त्याची कृपा दाखविणे हे ओघानेच आले.

स्वातंत्र्यानंतर आश्रयदाता बदलला. 1956 साली सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांना अग्रस्थान दिले. भिलाई, रुरकेला, दुर्गापूर येथे पोलादाचे कारखाने उभे राहिले. मुंबईजवळ तुर्भे येथे तेलशुद्धीकरण सुरू झाले. या नव्या भारताला स्वतःचे चित्र हवे होते. ते देणाऱ्यांत अग्रणी ठरले मित्तर बेदी.

बेदी यांचा जन्म 1926 साली लाहोरचा. त्यांची कर्मभूमी मात्र मुंबई. आरंभी लग्नसमारंभ व कार्यक्रमांची छायाचित्रे घेऊन ते चरितार्थ चालवीत. 1959 साली आर्थर द'अराझियन या अमेरिकन औद्योगिक छायाचित्रकाराशी त्यांची भेट झाली आणि त्यांच्या आयुष्याने दिशा बदलली. अवाढव्य कारखान्यात अनेक दिव्यांची योजना करून पोलादाच्या भट्टीलाही नाट्य प्राप्त करून देण्यात द'अराझियन यांचा हातखंडा होता. भारतात त्या वेळी हा व्यवसाय म्हणून जवळजवळ नवा होता. बेदी यांनी तो रुजविला, दोन हजारांहून अधिक कामे पार पाडली आणि नव्या पिढीला शिकविलेही. 1985 साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कृष्णधवल चित्रांत नळांची वेटोळी नक्षीसारखी दिसतात, टाक्या आणि धुराडी देवळाच्या शिखरांसारखी आकाशात चढतात. रुक्ष यंत्रातही सौंदर्य असते, हे त्यांनी आपल्याला दाखविले; त्यांचे हे ऋण मोठे आहे. पण त्या चित्रांत माणूस कोठे असतो? पुष्कळदा तो यंत्राची उंची कळावी एवढ्यासाठीच कोपऱ्यात उभा असतो, लहानसा, चेहरा न दिसणारा. याचा दोष बेदी यांना देणे अन्यायाचे होईल. चित्रे कारखानदारांनी मागविलेली होती, आणि त्यांना आपल्या यंत्रांचे सामर्थ्य जगापुढे मांडायचे होते. घामाची आणि विस्थापितांची छायाचित्रे कोणी मागविली नव्हती.

1982 सालच्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि अनेकांचे संसार उद्ध्वस्त झाले. तेव्हा धुराड्याखालचा माणूस देशाला पुन्हा दिसला. पुढे सुधारक ओलवे या मराठी छायाचित्रकाराने मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन जवळून टिपले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. येथे यंत्र मागे सरले आणि माणूस पुढे आला.

ही तीन नावे एकत्र ठेवली म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. छायाचित्र खोटे बोलत नाही असे आपण म्हणतो. परंतु काय दाखवायचे, हे बहुधा पैसे देणारा ठरवितो. मराठवाड्यातून पोटासाठी शहरांकडे गेलेली कितीतरी माणसे अशा चित्रांच्या चौकटीबाहेरच राहिली. बेदींची चित्रे अवश्य पाहावीत, त्यांच्या सौंदर्याला दाद द्यावी. आणि मग त्या कोपऱ्यातल्या लहानशा आकृतीपाशी थोडे थांबावे. तो कोणत्या गावाहून आला असेल, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. कदाचित तो आपल्याच गावचा असेल.