बागेतून उगवलेले शहर

बागा पाहायच्या म्हणून कोणी नगर जिल्ह्यात येत नाही. ज्याला हिरवळ हवी तो घाट उतरून कोकणात जातो, समुद्राकाठच्या वाड्या पाहतो, नारळी-पोफळीच्या सावलीत दोन दिवस काढतो आणि परततो. नगरचे नाव काढले की डोळ्यांपुढे उभे राहते ते माळरान, कुसळी गवत आणि दुष्काळी कामांची खडी. अकोले तालुक्याचा डोंगरी पट्टा सोडला तर इथे वर्षाकाठी वीस-बावीस इंच पाऊस, आणि तोही आला तर! तरीसुद्धा हे शहर, जे २०२४ पासून अहिल्यानगर झाले, एका बागेतून उगवले आहे. ही कवीची कल्पना नव्हे. इतिहासात नोंदलेली गोष्ट आहे.

२८ मे १४९० रोजी मलिक अहमदने भिंगारच्या परिसरात बहमनी सेनापती जहांगीरखान याच्या फौजेवर अचानक छापा घालून तिचा धुव्वा उडवला. निजामशाही स्वतंत्र झाली ती या लढाईने. जिंकलेल्या जागी लोक मनोरा उभारतात, मशीद बांधतात. या पुरुषाने तिथे बाग लावली. तिचे नाव बाग निजाम. ती लढाईदेखील पुढे बागेच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. चार वर्षांनी, १४९४ मध्ये, त्याच बागेच्या शेजारी सीना नदीच्या काठी शहर वसू लागले. निजामशाही दरबारी वावरलेला आणि पुढे विजापूरला गेलेला इतिहासकार फिरिश्ता याच्या ग्रंथात या नव्या शहराची तुलना बगदाद आणि कैरोशी केलेली आढळते. दरबारी लेखणीला अतिशयोक्तीची सवय असते हे खरे. पण बागेच्या भिंतीला टेकून राजधानी उभी राहिली, एवढे मात्र निर्विवाद आहे. संस्थापक अहमद निजामशहा निजला आहे तोही बागेतच. सीनेकाठच्या त्याच्या कबरीला बागरोजा म्हणतात.

पुढच्या राजांनी हीच हौस वाढवली. शहराच्या उत्तरेला हश्त बेहश्त, म्हणजे आठ स्वर्ग, ही बाग झाली. मध्ये तलाव आणि तलावात अष्टकोनी महाल. आग्नेयेला फराहबाग; तिचे काम मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत अनेक हातांतून जाऊन १५८३ च्या सुमारास पुरे झाले. तिथेही तोच थाट : चौफेर पाण्याने वेढलेली दुमजली इमारत, उंच कमानी आणि वाऱ्याला मोकळी दालने. इराणातून आलेले विद्वान, कारागीर आणि सरदार या दरबारात मानाने राहत होते. वाळवंटाशेजारी राहणाऱ्या त्या लोकांनी स्वर्गाची कल्पना केली ती वाहत्या पाण्याची आणि सावलीची. आमच्या माळावर ती कल्पना चटकन रुजली, यात नवल नाही. तहान दोन्हीकडे सारखीच होती.

पण कल्पनेने झाडे जगत नाहीत. या बागांचे खरे आश्चर्य महालात नसून जमिनीखाली आहे. कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा आसपासच्या गावांकडे डोंगरपायथ्याला विहिरी खणून झऱ्यांचे पाणी गोळा करायचे, आणि भाजलेल्या मातीचे नळ चुन्यात बसवून, उताराचा अचूक अंदाज घेत, ते कित्येक मैल शहरात आणायचे, अशी ती योजना होती. नगरकर त्यांना आजही खापरी नळ म्हणतात. बैल नाही, मोट नाही. केवळ उताराच्या जोरावर पाणी किल्ल्यात, हौदांत, हमामांत आणि बागांत खेळत असे. ज्यांनी हा उतार साधला त्या गवंड्यांची आणि बेलदारांची नावे कोणत्याही तवारिखेत नाहीत. मुर्तझा निजामशहाला त्याच्याच मुलाने १५८८ मध्ये कसे मारले, हे मात्र आपल्याला तपशीलवार ठाऊक आहे.

मी मुलांना इतिहास शिकवतो. चांदबिबीने १५९५-९६ चा वेढा कसा झुंजवला, हे सांगताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. एकदा सहल घेऊन फराहबागेत गेलो होतो. कमानी पाहून झाल्या, डबे सुटले, आणि सातवीतल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, बाग कुठंय?" प्रश्न अगदी रास्त होता. समोर भव्य इमारत होती, तिच्याभोवती कोरड्या तळ्याचा खोलगट भाग होता, बाभळी होत्या, बाग नव्हती. मी त्याला तळ्याच्या काठाशी नेले आणि पाणी कुठपर्यंत चढत असेल याचा अंदाज करायला सांगितले. मग सगळीच मुले काठ न्याहाळू लागली. त्या दिवशी वेढ्याच्या धड्याहून अधिक इतिहास त्यांच्या पदरात पडला, असे मला वाटते.

बाग का गेली? १६०० मध्ये किल्ला मोगलांच्या हाती पडला, १६३६ मध्ये निजामशाही संपली. पण तोफांनी झाडे वाळत नाहीत. नळात दरवर्षी गाळ बसतो, झाडांची मुळे शिरतात, एखादे खापर फुटते. ते काढणारा, बदलणारा माणूस नेमलेला असतो तोवर पाणी येते. राज्य गेले की त्या माणसाचा रोजमुरा जातो. मग गाळ बसतो आणि तळे आटते. दगड उभा राहतो, कारण त्याला रोज कोणी लागत नाही.

जिथे बाग निजाम होती, तिथेच पुढे किल्ला झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये जवाहरलाल नेहरूंना त्यांच्या सहकाऱ्यांसह याच किल्ल्यात आणून ठेवले. मार्च १९४५ पर्यंत ते इथे होते. त्या काळात लिहिलेल्या ग्रंथाच्या आरंभीच ते आपल्या बागकामाविषयी सांगतात. जमीन खडकाळ आणि मलब्याने भरलेली; तरी भर उन्हात ते फुलांसाठी वाफे खणत. खणताना जुन्या भिंती लागल्या, घुमटांचे माथे लागले. एकदा दगडात कोरलेले कमळ सापडले. अधिक खोल खणायला तुरुंगाधिकाऱ्यांची परवानगी नव्हती. मलिक अहमदची बाग आणि या बंदिवानाचे वाफे यांच्यात साडेचारशे वर्षांचे अंतर आहे. एकाने जिंकल्यावर बाग लावली, दुसऱ्याने कैदेत, माती तीच.

आपल्या काळाने बागेऐवजी अभयारण्य हा शब्द आणला. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये नगर-सोलापुरात ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात शेते आली, गावे आली. पुढे ते सव्वाबाराशेच्या आसपास आणावे लागले, आणि माळढोक दिसणे तर आता दुर्मीळच. उलट कर्जत तालुक्यातले रेहेकुरी १९८० मध्ये झाले, अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. तिथे सकाळी गेलात तर गवतातून काळविटांचे कळप उड्या घेत जाताना दिसतात. नकाशावरची रेघ केवढी, यापेक्षा उन्हाळ्यात पाणवठा भरायला कोण जाते, हा प्रश्न तिथेही मोठा आहे. खापरी नळ साफ करणारा आणि पाणवठा भरणारा वनमजूर हे एकाच घराण्यातले, असे मी समजतो.

दिवाळीच्या सुटीत कोणाला नगरच्या बागा पाहायच्या असतील तर माझी सूचना एवढीच, की महालापासून सुरुवात करू नये. आधी कापूरवाडीकडे जावे, डोंगर पाहावेत, पाणी कुठून निघत असे ते गावच्या म्हाताऱ्यांना विचारावे. मग उताराने शहराकडे यावे आणि फराहबागेच्या काठावर उभे राहावे. दुसऱ्या दिवशी रेहेकुरी. आणि बरोबर शाळेतली मुले असली तर घाईने माहिती सांगू नये. बाग कुठे आहे, हे त्यांना आधी विचारू द्यावे.