घरमालक, भाडेकरू आणि तीन कायदे

जुन्या जालना शहराच्या पूर्वेस मस्तगड नावाची गढी आहे. पहिला निजाम आसफजाह याच्या आज्ञेवरून काबिलखानाने ती इ.स. १७२५ मध्ये बांधली. बांधकामाचे साल सांगणारा फारसी शिलालेख आणि आत दालने असलेली प्रशस्त विहीर यांची नोंद इतिहासकारांनी घेतली आहे. एकेकाळी या गढीत नगरपालिकेच्या कचेऱ्याही होत्या. गढी केव्हा उभी राहिली, याविषयी वाद होत नाही, कारण ते दगडावर लिहिलेले आहे. परंतु गढीच्या परिसरात आणि आपल्या सर्वच गावांत अशी असंख्य बिऱ्हाडे आहेत, की ती खोलीत केव्हा आली व कोणत्या बोलीवर आली, हे कोठेच लिहिलेले नाही. धर्मग्रामात काम करताना ज्या तंट्यांमुळे शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो, त्यांत अशा न लिहिलेल्या बोलीचा वाटा फार मोठा असल्याचे दिसून येते. म्हणून या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात पाहणे उचित ठरेल.

घरभाड्यावर सरकारने बंधन घालावे, ही कल्पना पहिल्या महायुद्धाच्या काळात रुजली. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात युद्धसाहित्याच्या कारखान्यांमुळे कामगारांची गर्दी झाली आणि मालकांनी भाडी वाढविली. १९१५ मध्ये मेरी बार्बर यांच्यासारख्या स्त्रियांच्या नेतृत्वाखाली हजारो कुटुंबांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटला भाडेवाढ रोखणारा कायदा करावा लागला. मुंबईतही युद्धकाळात घरांची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाने तीच परिस्थिती पुन्हा आणली. त्यातून १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा जन्मास आला.

या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच सामान्यतः ‘प्रमाण भाडे’ मानले. कर आणि दुरुस्ती यांसाठीच्या मर्यादित वाढी सोडल्यास ते वाढविता येत नव्हते. गरीब कुटुंबाला रातोरात रस्त्यावर काढले जाऊ नये, हा त्यामागील हेतू न्याय्य होता आणि लाखो कुटुंबांना त्याने आधार दिला. मुंबईत धोबीतलावच्या परिसरातील गोवेकरांचे ‘कूड’ याची साक्ष देतात. बोटीवरील नोकरीच्या शोधात आलेल्या खलाशांना आपल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या या निवासांत अल्प पैशांत पथारी पसरता आली. तेथील वेदीपुढे संध्याकाळी रोझरी म्हणणाऱ्या त्या माणसांच्या डोक्यावरील छप्पर टिकण्यात गोठलेल्या भाड्याचा वाटा होता, हे मान्य केले पाहिजे.

तथापि भाडे गोठले, तसा गवंड्याचा रोज आणि लाकडाचा भाव गोठला नाही. अनेक वर्षांपूर्वीच्या भाड्यात कौले शाकारणे परवडेनासे झाल्यावर मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. मुंबईत इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये उपकर घेऊन जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारे मंडळ शासनाला कायद्याने स्थापावे लागले. त्याचबरोबर पागडीचा व्यवहार फोफावला. रीतसर भाडे नाममात्र आणि खरी रक्कम पावतीविना, असा तो प्रकार होता. भाडेकरू होऊ न देता खोली देण्यासाठी मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा मार्ग शोधला. त्यावर शासनाने १९७३ मध्ये दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. अनेक लहान मालकांनी याचा अर्थ इतकाच घेतला की खोली रिकामी ठेवलेली बरी. शंभर खोल्यांचा धनी आणि निवृत्तीनंतर दोन खोल्यांच्या भाड्यावर गुजराण करणारा शिक्षक यांना कायद्याने एकाच मापाने मोजले होते. धनिकाला न्यायालयात वीस वर्षे थांबता येत होते, शिक्षकाला येत नव्हते.

मुंबईची ही हकीकत सर्व महाराष्ट्राची समजली जाते. मराठवाड्याचा इतिहास मात्र निराळा आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पण मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्या राज्याने १९५४ मध्ये घरभाडे, निष्कासन आणि भाडेपट्टा यांविषयी स्वतंत्र कायदा केला होता. त्यात ‘रास्त भाडे’ ठरविण्याचे व निष्कासनाचे अधिकार नियंत्रकाकडे होते. राज्य बदलले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. तरी जालन्यातील घरमालक आणि भाडेकरू हैदराबादच्याच कायद्याखाली राहिले. विदर्भात तिसराच, १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा आदेश चालत होता. एका राज्यात तीन कायदे असल्यामुळे नागपूरच्या नातेवाइकाने दिलेला सल्ला जालन्यात चुकीचा ठरे आणि मुंबईचा अनुभव दोन्हीकडे लागू पडत नसे.

१९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुंबई कायद्यातील प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी झाल्या आहेत. कायद्याची मुदत लवकरच संपत असल्यामुळे न्यायालयाने त्या रद्द केल्या नाहीत. यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला. ३१ मार्च २००० पासून तो अंमलात आला आणि तिन्ही जुने कायदे संपले.

या कायद्याने मालकाला दरसाल चार टक्के वाढ दिली. दहा रुपयांच्या जुन्या भाड्यावर ती वर्षाला चाळीस पैसे होते, म्हणजे जुने दुखणे पुरते बरे झाले नाही. पण परस्परांची कर्तव्ये त्याने स्पष्ट केली. घर राहण्यायोग्य ठेवणे हे मालकाचे काम आहे. नोटीस देऊनही त्याने ते केले नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून तो खर्च वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत वळता करून घेऊ शकतो. भाड्याची पावती देणे सक्तीचे आहे. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हुसकावता येत नाही. भाडे थकल्यास लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबल्याखेरीज त्या कारणासाठी दावा लावता येत नाही. स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी मालक घर परत मागू शकतो. राहण्यासाठी परवान्यावर दिलेली जागा मुदतीनंतर न सोडणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे कलम पंचावन्नावे आहे. करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडे कायद्यातही लेखी करारावरच भर आहे. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असेही त्यात सुचविले आहे.

आपल्या कुटुंबांतून वारंवार ऐकू येते, “आपल्याच माणसाला कागद कसा मागायचा?” या संकोचामागे प्रेम आहे, यात शंका नाही. परंतु बोलणी करणारी दोन माणसे एक दिवस राहत नाहीत. मागे विधवा, मुले, सुना उरतात. त्यांनी ती बोली ऐकलेली नसते. मग प्रत्येकाला सोयीचे तेवढेच आठवते. कागद अविश्वासाचे चिन्ह नसून पुढच्या पिढीसाठी ठेवलेली आठवण आहे. घर देताना नोंदणीकृत करार, दरमहा सही केलेली पावती, पावसाळ्यापूर्वी मालकाने छपरावरून एकदा हात फिरविणे आणि ठरल्या तारखेला भाडेकरूने भाडे पोहोचविणे, एवढे पाळले तर बहुतेक तंटे उभेच राहणार नाहीत. एका शिलालेखामुळे मस्तगडचे वय जवळजवळ तीनशे वर्षांनंतरही निर्विवाद आहे. दोन खोल्यांच्या घरासाठी नोंदणीकृत करार पुरतो.