चिरंजीवाचा पत्ता

आजचा फोन घरी ठेवून ये. २०१२च्या मे महिन्यात त्याला चार्जर मिळायचा नाही, आणि बाहेर काढलास तर भोवती गर्दी तेवढी जमेल. खिशात तीनच वस्तू असू देत: एसटीच्या परतीचे पैसे, ऊन लागू नये म्हणून आईने दिलेला कांदा आणि प्लेस्टेशन टूचं आठ एमबीचं मेमरी कार्ड.

तू सोळा वर्षांचा आहेस. गडचिरोलीहून निघालेला लाल डबा वैनगंगेचा पूल ओलांडून व्याहाड, सावली करत मूलला थांबतो. तेंदूपत्त्याचे दिवस आहेत, त्यामुळे जागा मिळण्याचा प्रश्नच नाही. दांड्याला लटकून यायचं. मूल सुटलं की दोन्ही बाजूंना जंगल लागतं, पण सागाला पान नाही, सावली नाही. खिडकीतून येणारा वारा तोंडावर दुपट्टा बांधल्याशिवाय सोसवत नाही. चिचपल्ली मागे पडते आणि मग केव्हातरी लांबवर वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात.

एका कार्डासाठी एवढं ऊन का खायचं? कार्डावरून बाहेरचे प्रोग्राम कन्सोलवर चालवू देणाऱ्या फ्री मॅकबूटची फाइल तर गडचिरोलीच्या सायबर कॅफेतही उतरवून मिळते. अडचण पुढे आहे. ती कार्डात नुसती कॉपी करून भागत नाही. सोनीच्या मॅजिकगेट व्यवस्थेमुळे ती ज्या कार्डावर ठेवायची त्याच कार्डासाठी, कन्सोलमध्ये, वेगळी बांधून घ्यावी लागते. आणि बांधणारा प्रोग्राम चालवायला आधीच चिप मारलेला किंवा असंच कार्ड लावलेला कन्सोल पाहिजे. म्हणजे ही गोष्ट नेटवरून जगभर पसरली खरी, पण शेवटचा टप्पा माणसाने माणसाकडे जाऊनच पुरा व्हायचा. तुझ्या मामेभावाने तुला चंद्रपुरातला असा एक माणूस सांगितलाय.

गोल बाजारामागच्या गल्लीत अर्धं शटर खाली ओढलेली खोली. आत तीन टीव्ही, खसच्या ओल्या वासाचा कूलर, फरशीवर बसलेली पोरं. रिमोटच्या वायरींना काळी टेप. एका कोपऱ्यात संगणक, आणि त्याच्यासमोर भाऊ.

"कुठून आला बे?"

"गडचिरोलीवरून. कार्डात मॅकबूट टाकून पाहिजे होतं."

"कार्ड ओरिजिनल आहे न? डुप्लिकेट असन तर भरोसा नाही. अन् घरचा पीएस कोणता? नंबर पाहून आला?"

"सत्त्याहत्तर हजारवाला."

"मग जमते."

नव्वद हजारवाला असता तर त्याने बनावटीची तारीख विचारली असती. २००८च्या उत्तरार्धापासून बनलेल्या यंत्रांत सोनीने ही फट बुजवून टाकली होती. फट तरी काय, तर कन्सोल सुरू होताना स्वतःसाठी काही नवी सुधारणा आली आहे का, हे मेमरी कार्डावर एका ठरावीक नावाच्या फोल्डरमध्ये बघतो. ही सोय सोनीनेच ठेवलेली. फ्री मॅकबूट त्याच फोल्डरात जाऊन बसतं आणि यंत्र त्याला घरचंच समजून आत घेतं. यंत्र उघडायला नको, डाग द्यायला नको.

भाऊ तुझं कार्ड दुसऱ्या खाचेत लावतो. पडद्यावर पट्टी सरकू लागते. आता कोणी बोलत नाही, कारण या मिनिटात लाईन गेली तर कार्ड बिघडू शकतं, आणि त्यात तुझे दोन वर्षांचे सेव्ह आहेत. शहराच्या दारात २,३४० मेगावॅटचं केंद्र उभं आहे, आणि तू श्वास रोखून पंख्याकडे बघतोयस. पट्टी पुरी होते. कार्ड हातात येतं.

खरं तर तुझं काम संपलं. पण तू उठत नाहीस, कारण संगणकावर काय चाललंय ते तुला दिसलंय.

चीट म्हटलं की तुला बटणांचे कोड माहीत आहेत. कॉन्ट्राचा वर-वर-खाली-खाली कोणाला येत नव्हता? तो मुळात काझुहिसा हाशिमोतो या जपानी माणसाने १९८६मध्ये ग्रेडियस तपासणं सोपं जावं म्हणून ठेवला होता. सॅन अँड्रियासचे तर तुझ्या वहीत पानभर आहेत. आर वन, आर टू, एल वन, क्रॉस, मग डावं-खालचं-उजवं-वरचं दोनदा, की तब्येत, चिलखत आणि अडीच लाख डॉलर. पण हे सगळे गेम बनवणाऱ्यांनीच ठेवलेले दरवाजे. त्यांनी ठेवला नाही तर?

तर पीएसटूआरडीसारखी घरगुती बनावटीची, फुकट, उघड्या कोडची इंजिनं कामाला येतात. (याच इंजिनावर पुढे चीट डिव्हाइस नावाचा प्रोग्राम उभा राहील, हे तुला ठाऊक आहे, भाऊला नाही. बोलू नकोस.) डिस्कला कोणी हात लावत नाही. गेम मेमरीत चढतो, इंजिन त्याच मेमरीच्या एका कोपऱ्यात बसतं, आणि गेममधल्या सतत चालणाऱ्या एखाद्या फंक्शनला चिकटून राहतं. कुठे चिकटायचं ते मास्टरकोड सांगतो. मग दर सेकंदाला कित्येक वेळा ते एका ठरावीक पत्त्यावर एक ठरावीक आकडा लिहीत सुटतं. गेमने जीव कमी केला, याने भरला. पुन्हा कमी, पुन्हा भरला. तुला दिसते ती न हलणारी पट्टी.

कोड म्हणजे पत्ता आणि आकडा, बस. त्यामुळेच अमेरिकन डिस्कचा कोड युरोपातल्या डिस्कवर चालत नाही. गेम तोच, पण मेमरीत सामान वेगळ्या जागी. भाऊ गिऱ्हाइकाला आधी डिस्कचा नंबर विचारतो, एसएलयूएस की एसएलईएस, मग वही उघडतो.

आज मात्र वहीत उत्तर नाही. संगणकात 'हनुमान: बॉय वॉरियर' आहे. २००९चा, हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा; संपूर्ण भारतात बनलेला पहिला प्लेस्टेशन टू गेम म्हणून सोनीने गाजवलेला. अमेरिकेतले हिंदू पुढारी राजन झेद यांनी देवाला बटणांनी नाचवणं अपमानाचं आहे म्हणून हरकत घेतली होती. खेळायला तो सुमारच आहे, हे आपण आपसात म्हणून टाकू. पण त्यावर कोणी गोऱ्याने कोड काढत बसावं अशी आशा नव्हती.

"आपलेच काढावं लागते," भाऊ म्हणतो. "अन् मला सांग, हनुमान चिरंजीव आहे का नाही? मग याच्यात मरते कसा?"

पोरं हसतात. पण भाऊ अर्धा गंभीर आहे.

त्याने डिस्कमधल्या मुख्य फाइलीवरून मास्टरकोड आधीच शोधलाय. आता संगणकातच प्लेस्टेशन टू उभा करणाऱ्या पीसीएसएक्सटू या एम्युलेटरवर गेम चालू आहे आणि शेजारी चीट इंजिन नावाचा, मेमरीत आकडे शोधणारा प्रोग्राम. प्लेस्टेशन टूची मुख्य मेमरी ३२ एमबी, म्हणजे ३ कोटी ३५ लाख बाइटांच्या वर. त्यातल्या कुठल्यातरी चारांत हनुमानाचा जीव आहे. पडद्यावर आकडा नाही, नुसती पट्टी, म्हणून काय शोधायचं तेही माहीत नाही. भाऊ 'माहीत नसलेला आकडा' निवडतो. राक्षसाचा एक फटका खातो, थांबवतो, 'कमी झालेले' शोधतो. लाखो उरतात. मग काहीही न करता उभा राहतो आणि 'न बदललेले' शोधतो. पुन्हा फटका. ताडोबातला वाटाड्या रात्री झाडलेल्या धुळीवर सकाळी नवं काय उमटलं तेवढंच बघतो, जुन्या खुणांकडे ढुंकत नाही. भाऊचं तसंच चाललंय. तो पूर्ण आकड्यांऐवजी दशांशातल्या आकड्यांवर जातो, कारण कित्येक गेम जीव १०० न ठेवता १००.० ठेवतात आणि मेमरीत ते अगदी वेगळं दिसतं.

यादी एका पडद्यात मावते. आता एकेकात आकडा भरून बघायचा. पहिला भरला, पट्टी उसळली आणि लगेच जागेवर आली.

"हा नुसता दाखवायचा आहे. खरा दुसरीकडे बसला आहे," भाऊ म्हणतो. गेम जीव एका जागी ठेवतो आणि पट्टी काढण्यापुरती त्याची नक्कल दुसऱ्या जागी. नक्कल बदलली तर पुढच्याच क्षणी खऱ्यावरून ती पुन्हा लिहिली जाते. तुला हे एकदा ऐकून समजतं आणि आपल्याला समजलं याचंच नवल वाटतं. शाळेत संगणकाच्या तासाला पेंटमध्ये घर काढायला लावतात.

तो एकेक पत्ता खोडत जातो. उरलेले वहीत उतरवतो. चौथा लिहून होतो आणि कूलर घरघरत बंद पडतो. तिन्ही टीव्ही गेले, संगणक गेला. पोरं एका सुरात ओरडतात.

"सेव्ह केलं होतं?"

"नाही न बे."

अर्धा तास वाट बघतोस. लाईन येत नाही, आणि तुझी साडेचारची गाडी आहे. भाऊ शटर वर सारून उजेडात वही धरतो, मास्टरकोड आणि चार पत्ते एका कागदावर पुन्हा लिहितो, एक-एक अक्षर तुझ्याकडून वाचून घेतो. बी आणि आठमध्ये घोळ होतो, म्हणून बी मोठा काढतो. एम्युलेटरमधले हे पत्ते खऱ्या यंत्रातही तेच राहतील, असं सांगतो. सायबर कॅफेत साध्या टेक्स्ट फाइलीत टाईप करायचे, पेनड्राइव्हवर ठेवायचे, कार्डावरून इंजिन सुरू करायचं.

"चारही एकदम नको टाकजो. गेम हँग झाला तर कोणत्यानं झाला ते कसं समजन? एक टाक, फटका खा, पाय. मग दुसरा. अन् सापडला तर फोन कर मले."

किती झाले विचारतोस. कार्डाचे तो घेतो, पत्त्यांचे नाही.

"पेनड्राइव्ह फॅट बत्तीस करून घेजो पहिले. नाही तर दिसनच नाही."