समुद्र नसलेल्या देशाचा दर्यावर्दी

हंगेरीला समुद्र नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली त्रियानोंचा तह झाला, देशाचे लचके तुटले आणि फियुमे हे बंदरही हातचं गेलं. उरला तो बालाटोन तलाव. लांबी सुमारे ७७ किलोमीटर, सरासरी खोली मात्र जेमतेम तीन मीटर! पण मंडळी, शिडाच्या होड्यांचं वेड काही गेलं नाही. या तलावावर १९३४ पासून 'निळी फीत' नावाची मोठी शर्यत होते. आणि याच देशाने नांदोर फा नावाचा दर्यावर्दी दिला.

फा यांचा जन्म १९५३ चा. जोझेफ गाल या मित्राबरोबर त्यांनी स्वतःच्या हातांनी एक छोटी शिडाची बोट बांधली, 'सेंत युपात'. देशात तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती. १९८५ साली दोघे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९८७ मध्ये परतले. तेव्हापासून हे नाव हंगेरीत घरोघरी पोचलं.

पुढे त्यांना 'व्हँदे ग्लोब' खुणावू लागली. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघायचं आणि जगाला वळसा घालून तिथेच परत यायचं. एकट्याने, कुठेही न थांबता, बाहेरची मदत न घेता. १९९२-९३ च्या शर्यतीत १४ जण निघाले, ७ जणांनी ती पूर्ण केली. फा १२८ दिवसांत पाचवे आले. १९९६ साली मात्र शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली.

इथे बहुतेकांची गोष्ट संपते. वय वाढतं, संसार असतो, आणि अशा शर्यतीला लागणारा पैसा तर विचारूच नका. पण फा वीस वर्षांनी पुन्हा आले! नोव्हेंबर २०१६ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, 'स्पिरिट ऑफ हंगेरी' घेऊन. २९ बोटी निघाल्या, ११ जणांना माघार घ्यावी लागली. फा ९३ दिवसांत परतले, आठवे. विजेता आर्मेल ल क्लेआश १९ दिवस आधीच घरी पोचला होता.

आता गंमत बघा. आपल्याकडे आठव्या नंबरचं नाव कोणी विचारत नाही. हंगेरीत मात्र असंख्य लोक रोज नकाशावर त्यांचा ठिपका शोधत होते, समुद्रातून त्यांनी लिहिलेला मजकूर वाचत होते. का बरं? मला वाटतं, त्यांना विजेता नकोच होता. तरुणपणी अर्धवट राहिलेली गोष्ट म्हातारपणी पुरी करता येते का, हे त्यांना पाहायचं होतं. असं अर्धवट काहीतरी प्रत्येकाच्याच घरात पडलेलं असतं, नाही का?

असो. फा यांची तरी ती पुरी झाली. ८ फेब्रुवारी २०१७ ला ते किनाऱ्याला लागले.