काडेपेटीचे छाप (बालछंद)

काडेपेटीचे छाप गोळा करणे हा विसाव्या शतकात महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागांत रूढ असलेला मुलांचा एक संग्रहछंद आणि त्या संग्रहावर आधारलेला मैदानी खेळ होय. काडेपेटीच्या दर्शनी बाजूवरील चित्राच्या कागदाला ‘छाप’ किंवा ‘छापा’ म्हणत. सिगारेटच्या रिकाम्या पाकिटांचे पुठ्ठे, बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे आणि पुढे ट्रम्प कार्डे ही याच छंदाची नंतरची किंवा समांतर रूपे आहेत. अमेरिकेतील मुलांच्या जीवनात बेसबॉल कार्डांना जे स्थान होते, तेच मराठी मुलांच्या जीवनात या छापांना होते, असे म्हणता येते. मात्र छाप विकत घ्यावा लागत नसे, तो टाकून दिलेल्या वस्तूंतून मिळवावा लागे.

पार्श्वभूमी

घर्षणाने पेटणारी काडी इंग्लंडमध्ये जॉन वॉकर याने १८२७ मध्ये विक्रीस आणली. भारतात पहिल्या महायुद्धापर्यंत काडेपेट्या मुख्यतः स्वीडन व जपान येथून येत. ग्राहक बहुधा निरक्षर असल्याने मालाची ओळख नावाऐवजी चित्राने पटवून देणे व्यापाऱ्यांना भाग होते. त्यामुळे देवदेवता, पशुपक्षी, जहाजे, दिवे, घड्याळे अशी ठसठशीत चित्रे पेट्यांवर आली. राजा रविवर्मा यांच्या चित्रांवरून केलेले छापही परदेशी कारखान्यांनी काढले. रविवर्मा यांचा स्वतःचा शिळाप्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. त्या चित्रांची लोकप्रियता काडेपेटीपर्यंत पोहोचली, हे येथे लक्षात घ्यावे.

१९२२ मध्ये आयातकर वाढल्यानंतर चित्र बदलले. स्वीडिश उद्योगसमूहाने १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच ‘विम्को’, स्थापन केली. तिचा एक मोठा कारखाना ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ येथे होता. त्याच सुमारास अय्या नाडर व षण्मुग नाडर हे कलकत्त्यास जाऊन हा व्यवसाय शिकून आले आणि तमिळनाडूतील शिवकाशी येथे हातकामावर चालणारा काडेपेटी उद्योग उभा राहिला. विम्कोचे छाप थोडे व वर्षानुवर्षे तेच असत. शिवकाशी, सातूर व कोविलपट्टी येथील लहान कारखान्यांचे छाप मात्र असंख्य. छंदाला खरे खाद्य या लहान कारखान्यांनीच पुरवले.

छाप मिळवणे व काढणे

जुनी काडेपेटी पातळ लाकडी पापुद्र्याची असे व तिच्यावर छापाचा कागद खळीने चिकटवलेला असे. रिकामी पेटी थोडा वेळ पाण्यात ठेवली की छाप आपोआप सुटे. मग तो पाटीवर पसरून वाळवायचा आणि वहीच्या पानांत दाबून ठेवायचा. घाईने ओढलेला छाप मधोमध फाटे आणि फाटका छाप खेळात कोणी घेत नसे. घरातील पेटी पूर्ण संपण्याआधीच छाप काढल्याने पेटी ओली होऊन काड्या निकामी होत व त्याबद्दल मार बसे. चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरात ओल्या काड्यांचे नुकसान किरकोळ नव्हते.

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्यातील भीमाकाठचे गाव असून नदीपलीकडे दौंड तालुका आहे. अशा गावांत छाप मिळण्याची ठिकाणे ठरलेली असत: किराणा दुकानाचा मागचा उकिरडा, चहाचे हॉटेल, एसटीचा थांबा, पानाची टपरी, आठवडे बाजार उठल्यानंतरची मोकळी जागा आणि जत्रेचा दुसरा दिवस. गावच्या दुकानदाराकडे एकाच दोन कंपन्यांचा माल येत असल्याने गावातील सर्व मुलांजवळ तेच ते छाप साठत. त्यामुळे बाहेरगावचा छाप मोलाचा ठरे. दौंडसारख्या रेल्वे जंक्शनला जाऊन आलेल्या किंवा सुटीत मामाच्या गावाहून परतलेल्या मुलाभोवती इतर मुले जमत, ती या कारणाने.

खेळ

जमिनीवर रिंगण आखून प्रत्येक खेळाडू ठरलेल्या संख्येने छाप मध्ये मांडी. काही अंतरावरील रेषेवरून चपटा दगड नेम धरून फेकायचा व जे छाप रिंगणाबाहेर जातील ते फेकणाऱ्याचे, हा मूळ नियम. दुसऱ्या प्रकारात छाप हवेत उडवून चित पडतो की पालथा, यावर हार-जीत ठरे. तिसरा प्रकार पत्त्यांसारखा होता: दोघांनी आळीपाळीने एकेक छाप टाकत जायचे आणि आधीच्या छापासारखाच छाप पडला की सगळी रास उचलायची.

प्रत्येक छापाचे मूल्य ठरलेले असे. सहज मिळणारा छाप एकाचा, दुर्मीळ छाप दहाचा, पन्नासाचा किंवा शंभराचा. सिगारेटच्या पाकिटांनाही असेच भाव होते. चारमिनार सर्वत्र मिळे म्हणून स्वस्त, महागड्या सिगारेटचे पाकीट गावात क्वचितच येई म्हणून ते भारी. हे भाव गावागणिक बदलत आणि शेजारच्या गावातील मुलांशी खेळताना प्रथम भावांवरूनच वाद होई. दुर्मीळतेवरून मूल्य ठरते, हा अर्थशास्त्राचा धडा पाठ्यपुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी मुले रिंगणाभोवती शिकत.

खेळात छाप कायमचे जिंकले किंवा गमावले जात, म्हणून पालक व शिक्षक यास जुगाराचे पहिले पाऊल समजत. शाळेत दप्तरे तपासून छाप जप्त करणे व ते चुलीत किंवा शेकोटीत घालणे ही नित्याची गोष्ट होती. उकिरड्यावरून उचललेले कागद व सिगारेटची पाकिटे हाताळण्याविषयीचा आक्षेप योग्यच होता. परंतु वहीत खळीने चिकटवलेले व कधीही खेळात न लावलेले संग्रहही त्याच शेकोटीत गेले. खेळणारा व जमवणारा असा भेद फारसा कोणी केला नाही.

छापामागील मुले

हा छंद मुलांचा होता, तसे छापाचे उत्पादनही बऱ्याच अंशी मुलांच्याच हातांनी होत असे. शिवकाशी परिसरातील कारखान्यांत व घरकामाच्या पद्धतीत चौकटीत काड्या भरणे, पेट्या तयार करणे व छाप चिकटवणे ही कामे मोठ्या प्रमाणावर बालकामगार, विशेषतः मुली, करीत. १९८६ च्या बालकामगार (प्रतिबंध व नियमन) कायद्याने काडेपेटी उत्पादनात मुलांना कामास लावण्यास मनाई केली. शिवकाशीतील या प्रश्नावर एम. सी. मेहता यांनी दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये निकाल दिला. धोकादायक उद्योगात बालकामगार ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये भरावेत व तो निधी मुलांच्या कल्याणासाठी वापरावा, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्रातील ज्या मुलाने छाप पाण्यात सोडवला, त्याच्याच वयाच्या मुलीने तो पेटीवर लावलेला असण्याची शक्यता बरीच होती. छंदाविषयीच्या स्मरणरंजनात ही बाजू सहसा येत नाही.

क्रिकेटची चित्रे व ट्रम्प कार्डे

जून १९८३ मधील विश्वचषक विजय आणि त्याच काळात झालेला दूरदर्शनचा प्रसार यांमुळे मुलांच्या संग्रहात क्रिकेटपटू आले. १९८७ चा विश्वचषक भारत व पाकिस्तानात झाला. त्यातील इंग्लंड व श्रीलंका यांचा ३० ऑक्टोबरचा सामना पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर खेळला गेला. या सुमारास ‘बिग फन’ बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटची चित्रे लोकप्रिय झाली. ती जमवून धावा व बळी यांची बेरीज करावयाची व बक्षीस मिळवावयाचे, अशी योजना होती. येथे प्रथमच संग्रहासाठी पैसे मोजावे लागले आणि ज्याच्याजवळ पैसे त्याचा संग्रह मोठा, हा नवा नियम आला.

ट्रम्प कार्डांचा खेळ ब्रिटनमध्ये १९७८ मध्ये निघालेल्या ‘टॉप ट्रम्प्स’च्या धर्तीचा होता. क्रिकेटपटू व डब्ल्यूडब्ल्यूएफचे कुस्तीगीर यांचे संच भारतात विशेष खपले. कार्डावरील उंची, वजन, लढती किंवा धावा, बळी, झेल यांच्या आकड्यांची तुलना करून समोरच्याचे कार्ड जिंकले जाई. मराठी शाळांतील अनेक मुलांचे इंग्रजी आकडे व विशेषनामे वाचण्याचे खरे वाचनपाठ हेच होते.

अमेरिकेत या छंदाची दिशा वेगळी झाली. तेथे बेसबॉल कार्डे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटच्या पाकिटांतून आली व नंतर च्युइंगमसोबत विकली गेली. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या मालिकेतील मिकी मँटल याचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. मराठी मुलांच्या छापांना असा बाजार कधी लाभला नाही. प्रौढांचा काडेपेटीसंग्रह ‘फिलुमेनी’ या नावाने जगभर चालतो व भारतातही त्याचे अभ्यासक आहेत. परंतु तो छंद शाळकरी मुलांच्या खेळाहून निराळा आहे.

ऱ्हास व जतन

लाकडी पेटीची जागा पुठ्ठ्याच्या पेटीने घेतली आणि चित्र थेट पुठ्ठ्यावर छापले जाऊ लागले. छाप पाण्याने सुटेनासा झाला. तो कात्रीने कापावा लागे व कडक पुठ्ठ्याचे तुकडे वहीत बसत नसत. गॅस व लायटर आल्याने पेट्याही कमी झाल्या. तंबाखूविषयक २००३ च्या कायद्यानंतर २००९ पासून सिगारेटच्या पाकिटांवर सचित्र इशारे आले. २००५ मध्ये विम्को आयटीसीच्या ताब्यात गेली.

जुन्या वह्यांतून उरलेल्या छापांवर साल नसते. काळ ठरविण्यास इतर खुणा उपयोगी पडतात: कागदाचा छाप की पुठ्ठा, मजकुराच्या लिपी, काड्यांची नमूद संख्या आणि किंमत. काडेपेटीची किंमत १९९५ मध्ये २५ पैशांवरून ५० पैसे, २००७ मध्ये १ रुपया व १ डिसेंबर २०२१ पासून २ रुपये झाली. शेवटच्या वाढीच्या वेळी पेटीतील काड्या ३६ वरून ५० करण्यात आल्या. ज्या वहीत मुलाने छापाखाली तारीख किंवा गावाचे नाव लिहून ठेवले आहे, ती वही अभ्यासकाला सुट्या छापांच्या मोठ्या गठ्ठ्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.