पितोस ना?

कारंजा अकोला जिल्ह्यात होते तेव्हाची गोष्ट. (वाशीम जिल्हा १९९८ साली झाला.) पोटदुखीने वाकलेल्या बाबांना घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी केसपेपरवरचा पत्ता वाचला आणि मान वर न करता विचारले, "पितोस ना?" बाबा त्यांच्या वडिलांच्या वयाचे.

"नाही जी, सायेब."

"सगळे असंच म्हणतात."

कागदावर इंग्रजीत 'दारू' लिहिले गेले. बाबांना ते वाचता येत नव्हते, मला येत होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची एक आहे. ती घेतल्यापासून बाबांनी थेंब घेतला नव्हता. तो प्रश्न नव्हताच. वस्तीचे नाव वाचून दिलेला निकाल होता.

याच राज्यात डॉक्टर आणि दारू यांचे दुसरे एक नाते होते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ मध्ये विदर्भालाही लागू झाला. त्यात परवान्याची सोय होती. प्रकृतीसाठी दारू हवी, असे वैद्यकीय कारण दाखवून ती उजळ माथ्याने पिता येई. ज्याला अर्ज लिहिता येतो, फी भरता येते, डॉक्टर ज्याला खुर्ची देतो, त्याचे पिणे औषध ठरले. हातभट्टीवाल्याच्या गिऱ्हाइकाला मात्र पोलीस होते. एकाच कायद्याखाली एकाचा आजार आणि दुसऱ्याचा गुन्हा!

मी दारूची तरफदारी करीत नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली दारूच्या वाढत्या दुकानांना विरोध केला. तो वारसा आपलाच आहे. दारूने आपल्या वस्त्यांत घरे बसली, हे नाकारण्यात काय अर्थ? म्हणूनच दवाखान्यात ती कशी विचारली जाते, याला महत्त्व आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने दहा प्रश्नांची एक चाचणी तयार केली. तिचा पहिला प्रश्न 'पिता का' असा नाही, 'किती वेळा घेता' असा आहे. आणि 'कधीच नाही' हे तिथे एक साधे उत्तर आहे, खोटेपणाचा पुरावा नाही. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ३७७ पुरुषांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांशी बोलणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा ज्यांच्याशी असे बोलणे झाले त्यांतले ४२ टक्के दारूपासून दूर होते, नेहमीच्या उपचारांतले १८ टक्के. सरासरी पिण्यात मात्र फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे.

आमच्या शेजारचा काका खरोखर प्यायचा. त्याच टेबलापुढे तोही "नाही जी" म्हणाला होता. त्याच्या कागदावर तेच लिहिले, त्याच गोळ्या दिल्या, आणि पुढच्याला हाक मारली. तो पुन्हा दवाखान्यात गेला नाही.